आधी दोन नंबरची बाजू

माधवा, आज रविवार. सकाळी उठलो, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि पूर्णा स्टेशनावर जाऊन पिंगळीचं तिकीट मागितलं. ज्या खिडकीच्या आत बसून मी नोकरीभर तिकिटं दिली, तिच्या बाहेर उभा होतो. पैसे पुढे केले आणि तेव्हा आठवलं, की परवाच तुझ्या तेराव्याचं गोडजेवण जेवून आलोय. खिडकीतल्या मुलीला वाटलं, म्हातारा सुटे शोधतोय. मी तिकीट घेतलं, फलाटावर गेलो, पॅसेंजर आली, थांबली आणि माझ्यासमोरून निघून गेली. मग घरी आलो.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. पेटीवरचं फडकं काढलं, परत घातलं. चहा टाकला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो, तो उतू गेला. सूनबाई म्हणाली, "बाबा, जरा पडा की." पडलो, तर डाव्या हाताची बोटं आपोआप भाता मारायला लागली. म्हणून हे लिहायला बसलोय. तुला तोंडावर बोलायची सवय, लिहायची नाही. पण आता दुसरा इलाज काय आहे?

तुझ्यावर रडावं की चिडावं, हेच ठरत नाही. रडायला सुरुवात केली की मधेच चीड येते. भांडण अर्ध्यावर टाकून उठणारा माणूस तू नव्हतास. शाळेत एखादं गणित सुटलं नाही तर घंटा झाल्यावरही पोरांना बसवून ठेवायचास, हे सगळी पिंगळी सांगते. आणि दोन वर्षं चाललेली आपली तकरार मात्र तशीच टाकून गेलास. त्या रेकॉर्डची कुठली बाजू आधी आणि कुठली नंतर, एवढीच तर गोष्ट होती. ऐकणाऱ्याला हसू येईल. मला येत नाही.

गुरुजी कसे शिस्तीचे होते, व्हायोलिन किती गोड वाजवायचे, हे परवा बऱ्याच जणांनी सांगितलं. सांगू देत. मला त्या रेकॉर्डपासून सुरुवात करायची आहे, कारण माझ्या लेखी तू तिथूनच सुरू होतोस. त्याआधी आपण दोघं फक्त एका गवयाच्या डावी-उजवीकडे बसायचो.

आठवतं का, ती मिळायच्या आदल्या दिवशी आपण राणीसावरगावला होतो. बाहेरून आलेले गवई, त्यांचा स्वतःचा तबलजी, आणि पेटी-व्हायोलिनला आपण. कार्यक्रम रंगला. शेवटी बुवांनी तबलजीचं नाव घेतलं, त्याच्या वडिलांचं घेतलं, घराण्याचं घेतलं आणि मग हात हलवून म्हणाले, "आणि साथीला हे दोघं होते." हे दोघं! तू तिथल्या तिथं, लोकांच्या देखत, व्हायोलिनचा गज सैल केलास आणि वाद्यासकट खोक्यात ठेवून दिलास. भैरवी राहिली होती. ती मी एकट्यानं वाजवली आणि नंतर एसटीत परभणीपर्यंत तू माझ्याशीही बोलला नाहीस, जणू बुवांना मीच शिकवून आणलं होतं.

परभणीला उतरलो तर मैदानावर रशियन पुस्तकांची गाडी उभी होती. त्या काळात ती गावोगाव फिरायची. गुळगुळीत कागदाची पुस्तकं, आत रंगीत अस्वलं आणि कोल्हे. तू पोरीसाठी पुस्तक बघायला गेलास आणि हात गेला तो तबकड्यांच्या खोक्यात. एका पाकिटावर दोन माणसं होती, एकाच्या हातात व्हायोलिन, दुसरा पियानोपुढे. बाकी सगळी अक्षरं रशियन. तू पाकीट उलटंसुलटं करून विकणाऱ्याला विचारलंस, "ह्यात गवई कुठाय?"

"गवई न्हाई," तो म्हणाला. "फक्त हे दोघं."

"मग साथ कुणाची करायलेत हे?"

त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "एकमेकांची."

तू माझ्याकडे बघितलंस. आदल्या रात्रीपासून पहिल्यांदा. पोरीचं पुस्तक राहिलं आणि रेकॉर्ड घेतली, त्यावरून वहिनींनी तुला नंतर चांगलंच झाडलं.

पुढच्या रविवारी मी पिंगळीला आलो. बदली होऊन गेलेल्या एका इंजिनियरकडून तू घेतलेला तो प्लेअर कोनाड्यात होता. लेबलावरचं आपल्याला काही वाचता येत नव्हतं, पण एक आणि दोन हे आकडे सगळीकडे सारखेच. तू एक नंबरची बाजू लावलीस. पियानोनं दाणदाण सुरुवात केली आणि व्हायोलिन त्याच्या अंगावरच धावून गेलं. दारातली कोंबडी उडाली. तू सुई उचललीस.

"ही सुरुवात असूच शकत न्हाई," तू म्हणालास. "बसल्या बसल्या कुणी द्रुत घेतंय का? कागद उलटे चिकटवलेत ह्यांनी."

मला ते एकदम पटलं. न पटायला काय झालं? आधी विलंबित, मग द्रुत, हे आपल्या हाडीमासी मुरलेलं. जेवायला बसल्यावर कुणी आधी पान खातं का? रशियन छापखान्यातल्या कुठल्यातरी माणसाची डुलकी लागली आणि त्यानं एकचा कागद दोनवर लावला, असं आपण बसल्या जागी ठरवून टाकलं. तू तबकडी उलटलीस, दोन नंबरची बाजू वर आणलीस आणि सुई ठेवलीस.

आधी श्वास ऐकू आला. वाजवणाऱ्याचा. गज तारेवर टेकवायच्या आधी त्यानं घेतलेला, नाकातून, लांब. मग व्हायोलिन एका सुरावर येऊन थांबलं आणि खालून पियानो अगदी सावकाश, एकेक पाऊल बघून टाकावं तसा चालत आला. तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "हां. हे विलंबित."

त्या दिवसापासून तो सोनाटा आपल्या घरी असा झाला. सोनाटा म्हणजे काय, हेही आपल्याला फार पुढे कळलं. चार भाग, चारही दोघांनी मिळून बांधायचे, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. आधी दोन नंबरच्या बाजूचा तो संथ भाग, मग त्याच बाजूचा जलद भाग, मग तबकडी उलटून एक नंबरची दाणदाण, आणि सगळ्यात शेवटी तो छोटा, विचित्र, लंगडत चालणारा भाग. त्याचा शेवट कसा होतो ते तुला सांगायला नको. व्हायोलिन बोलता बोलता मधेच थांबतं. संपलं असंही म्हणत नाही. आणि पियानो एकटाच पुढे चार सूर वाजवतो, एक एक, आणि राहतो.

मला तो शेवट कधीच आवडला नाही. पहिल्या दिवसापासून. "ह्याला असा एकटा टाकून कुठं गेला हा?" मी म्हणायचो. तू हसायचास. "शेवटचा शब्द तुलाच दिलाय की त्यानं. तरी रडायलास!" पियानो म्हणजे मी आणि व्हायोलिन म्हणजे तू, हे आपण कधी ठरवलं ते आठवत नाही. वहिनीसुद्धा आतून विचारायच्या, "आता तुमी वाजवायलाव का हे?"

मग आपण तो संथ भाग स्वतः बसवायला घेतला. तुझ्या पडवीत, दर रविवारी, दुपारची पॅसेंजर येईपर्यंत. कागद नव्हता, नोटेशन येत नव्हतं. सुई मागे घेऊन एक एक ओळ उचलायची. तुझं बरं होतं, तुला चार तारा आणि त्यालाही चार तारा. माझी पंचाईत. पियानोला दोन हात आणि मला एकच, दुसरा भात्यात अडकलेला. "तुझा एक हात तर नुसता वारा घालायलाय," तू म्हणायचास. मग मी खालचे सूर गाळायचो आणि तू ओरडायचास, "खालचं का गाळलंस? तेच तर मला धरून ठेवायलंय!"

हे वाक्य तू रागानं बोलला होतास. पण माधवा, मला आयुष्यात कुणी एवढं मोठं काही म्हणालं नाही. गवयांनी शाबासकी दिली ती अशी, की तुमची पेटी मधे मधे येत नाही. आणि तू म्हणालास की मी धरून ठेवतो. तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं, सुराचं बघत होतो. आज देतो. तूही मला धरून ठेवलं होतंस. पूर्णेच्या त्या खिडकीत दिवसभर लोकांची तोंडं बघताना रविवार पुढे आहे, एवढ्यावर मी आठवडा काढायचो.

नंतर आपल्याला तसल्या संगीताचं वेडच लागलं. सिकंदराबादला जाणाऱ्या माझ्या गार्ड मित्रांच्या मागे लागून आपण कॅसेटी मागवल्या. फक्त व्हायोलिन आणि पियानो, आणि शक्यतो विसाव्या शतकातलं, एवढीच अट. कारण त्याआधीच्या सोनाट्यांत पियानोवाला नाहीतर व्हायोलिनवाला, कुणीतरी एकजण बुवा होऊन बसतो, असा तुझा शोध होता. ते खरं की खोटं, देव जाणे. एक फ्रेंच सोनाटा आला, तो ऐकताना तू बनियनवर बसायला लाजायचास. एक हंगेरीचा आला, त्यात व्हायोलिन इतकं करकरायचं की वहिनींनी विहिरीच्या रहाटाला तेल घालायला सांगितलं. आपण सगळे ऐकले आणि फिरून परत रशियनवर आलो. मी तुला तेव्हाच म्हणालो होतो, की पहिल्यांदा जे कानात बसलं ते बसलं. हे वाक्य पुढे तू माझ्यावरच उलटवलंस.

मंजू दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आली. तुझी लेक मोठ्या कौतुकानं म्हणाली, "दत्ताकाका, त्या तुमच्या रेकॉर्डवरचं सगळं आता फोनवर वाचता येतं." तिनं लेबलाचा फोटो काढला, काहीतरी दाबलं आणि आपल्याला साठी उलटून गेल्यावर त्या सोनाट्याचं नाव कळलं, लिहिणाऱ्याचं कळलं, महायुद्धाच्या वर्षांत लिहिलाय हे कळलं. एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. तिनं पुढे वाचलं, "पहिला भाग जलद."

तू म्हणालास, "पहिला न्हाई, तिसरा."

"पहिला, बाबा. एक नंबरच्या बाजूला पहिला आणि दुसरा. दोन नंबरला तिसरा आणि चौथा."

तुझा चेहरा मी कधी विसरणार नाही. भर वर्गात फळ्यावरचं तुझं गणित पोरानं चुकलंय म्हणून दाखवावं तसा. मंजूनं मग तोच सोनाटा पाच वेगवेगळ्या जोड्यांनी वाजवलेला शोधून काढला. पाचही जोड्यांनी दाणदाण आधी वाजवली होती. एक नंबर आधी, दोन नंबर नंतर. छापखान्यातला तो बिचारा रशियन माणूस झोपलेला नव्हता. इतकी वर्षं आपणच त्याला शिव्या देत होतो.

मला हसू आवरेना. तू मात्र इरेला पेटलास.

"पाचच्या पाच जोड्या चुकल्या का रे?" मी विचारलं.

"एकाच कागदावरून पाचजण वाजवायलेत, चूक तीच होणार की," तू म्हणालास. गणिताचा मास्तर हे बोलतो म्हणजे काय म्हणायचं!

त्या पाच रेकॉर्डिंगवरून वेगळं भांडण झालं, ते जाऊ दे. त्यातल्या एकात पियानो शेजारच्या घरात वाजतोय असा लांब ठेवला होता, त्यावर मी संतापलो आणि तू पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोललास, की ह्याला परत साथीला बसवला ह्यांनी. एका तरुण मुलीचं व्हायोलिन इतकं स्वच्छ होतं की फरशी पुसून ठेवल्यासारखं. श्वास कुठंच नव्हता. पाचही रेकॉर्डिंगांत तो श्वास नव्हता. "बघ," तू म्हणालास, "ह्यांना सुरुवातच सापडली न्हाई."

पण मला त्या फोनमध्ये दुसरंच काहीतरी सापडलं होतं. छापलेल्या क्रमानं ऐकलं तर सोनाटा दोन नंबरच्या बाजूच्या शेवटी संपतो. आपण तो शेवट अर्ध्यावरचा म्हणून ऐकत आलो होतो, तू लगेच तबकडी उलटायला उठायचास. तिथं दोघं एकत्र येतात, माधवा. पळत पळत येतात आणि एका ठोक्यावर, एका क्षणी, दोघंही थांबतात. कुणी मागे राहत नाही. मला आयुष्यभर जो शेवट हवा होता तो तिथंच होता, आणि आपण दर रविवारी त्याच्यावरून पुढे जात होतो.

म्हणून मी हट्ट धरला, की एकदा, फक्त एकदा, आपल्या रेकॉर्डवर, आपल्या प्लेअरवर, छापलाय तसा लावू. दोघांनी बसून ऐकू. तू तयार झाला नाहीस. दोन वर्षं. मी लिहिणाऱ्याच्या मानाचा मुद्दा काढला, तू म्हणालास, त्याला पिंगळीला कोण ओळखतंय. मी म्हणालो, चूक कळल्यावर सुधारावी. तू म्हणालास, "चूक म्हणून किती दिवस म्हणायचं? एवढी वर्षं आपण ऐकलं ते काय होतं मग?" आणि वर माझंच वाक्य, पहिल्यांदा कानात बसलं ते बसलं.

शेवटच्या रविवारी तू जास्त बोलला नाहीस. थकला होतास. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते विचारलं तर "मीठ कमी करा म्हणलेत" एवढंच. नेहमीसारखा फलाटापर्यंत पोचवायला आलास, पण मधे दोनदा थांबलास, एकदा चपलेत खडा गेला म्हणून आणि एकदा कशासाठी ते सांगितलं नाहीस. गाडीत बसल्यावर मी खिडकीतून पुन्हा तेच काढलं, "पुढल्या रविवारी एक नंबर आधी." तू म्हणालास, "बघू." तुझ्या तोंडून 'बघू' मी पहिल्यांदाच ऐकलं. मी घरी येऊन सूनबाईला सांगितलं, की वितळायला लागलेत गुरुजी.

तो रविवार यायच्या आत मंजूचा फोन आला.

दिवस कसे गेले ते सांगत नाही. माझं मन एका जागी नव्हतंच. सारखं काहीतरी करायचं राहिलंय असं वाटायचं आणि काय ते आठवायचं नाही. वहिनींनी निरोप पाठवला, "गोडजेवणाच्या दिवशी भजन व्हायच्या आधी भावजींनी ती रेकॉर्ड लावावी." हे ऐकलं आणि मला एकदम काय राहिलंय ते कळलं. मी ठरवलं. छापलाय तसा लावायचा. तुला हरवायचं म्हणून नाही, शप्पथ. तुझ्या घरात, तुझ्या फोटोसमोर तो दोघं एकदम थांबतात तो शेवट व्हावा, एवढंच माझ्या मनात होतं. तू असा मधेच गेलास, निदान रेकॉर्डवर तरी नीट संपावं.

परवा गेलो. पडवीत सतरंज्या, तुझ्या फोटोला हार, मृदंगवाला एका कडेला मृदंगाच्या तोंडावरची शाई चाचपत बसलेला. प्लेअर कोनाड्यातून काढून मधे ठेवला होता. मी पाकिटातून तबकडी काढली, एक नंबरची बाजू वर केली आणि ठेवली.

शेजारचे बाबूराव म्हणाले, "उलटी ठिवलाव का काय? गुर्जी दुसरीकडून लावायचे. आमाला पाठ हाय ते, दर आइतवारी भिंतीतनं ऐकतोय."

"आज छापलंय तसं लावायलोय," मी म्हणालो. आवाज थोडा चढलाच असेल.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "भावजी, तसं लावलं होतं त्यांनी."

"कधी?"

"तुमी त्या आइतवारी गेलाव ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. दुपारी. मला म्हणले, बस इथं, दत्ताचं ऐकून बघू एकदा. आधी एक नंबर लावली, मग दोन. मधी उठले न्हाईत. सगळं ऐकलं, पार शेवटपर्यंत."

माझा हात सुईवरच होता. "मग? काय म्हणाला?"

"सुई उचलून ठेवली. मग म्हणले, दोघं एकदम थांबतेत बघ ह्यात." वहिनींनी पदर तोंडाशी धरला. "म्हणले, असं कुठं असतंय का. आणि उठून परत आपल्यावाणी लावली. दत्ताला सांगू नको म्हणले, मी सांगतो त्याला आइतवारी."

माधवा, तुला माहीत होतं. डॉक्टरांनी मिठाचं सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. तू दोन वर्षं हट्टानं तो शेवट ऐकत नव्हतास आणि मी हट्टानं ऐकायला सांगत होतो. आणि ऐकलास तेव्हा माझ्यासारखा रडलाही नाहीस, सरळ खोटा ठरवलास. मला एवढा राग आला की उठून निघून जावंसं वाटलं. आणि तुझा तो कोंबडी उडाल्यावर सुई उचलणारा हात दिसला, आणि जाववेना.

मी तबकडी उचलली. उलटली. दोन नंबरची बाजू वर केली. बाबूरावांनी मान हलवली, आता बरोबर, अशी.

सुई ठेवली आणि तो श्वास आला. भरलेल्या पडवीत अगदी स्पष्ट. मंजूनं चटकन तुझ्या फोटोकडे बघितलं. तिनंही तो लहानपणापासून ऐकलेला. मग विलंबित आलं, पियानो खालून चालत आला, माझी बोटं मांडीवर चालायला लागली. खालचा एकही सूर मी गाळला नाही, तुझी शप्पथ. पुढे दोघं पळत आले, एका ठोक्यावर थांबले, आणि मी लगेच उठून तबकडी उलटली, तुझ्यासारखीच, तिथं न रेंगाळता. दाणदाण झाली. भजनी मंडळातला एकजण दचकून सरकला. मग तो लंगडत चालणारा भाग.

मला माहीत होतं आता कुठं थांबणार ते. तरी मी वाट बघत राहिलो, की ह्या वेळी थांबणार नाही. व्हायोलिन बोलता बोलता थांबलं. पियानोनं एकट्यानं चार सूर वाजवले. मी प्रत्येकाबरोबर बोट टेकवलं. पहिले तीन नीट पडले.

मग सुई आतल्या रिकाम्या रेघेत घसरली आणि खर्र, खर्र करत फिरायला लागली. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी तुझ्या जागेकडे बघत होतो. शेवटी सुई उचलायचं काम तुझं होतं, तोवर मी ते एकदाही केलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "भावजी," तेव्हा कुठं मी उठलो.